ग्राइंडरखालची घोडी

स्टीलच्या वाटीत दोन बोटं कमी इतकं पाणी घेतलं, ती वाटी ग्राइंडरशेजारी टेबलावर ठेवली आणि भाचीला म्हणालो, “आता बटण दाब.” ग्राइंडर सुरू झाला तसे पाण्यावर बारीक शहारे आले आणि पूर्ण वेगात ते तसेच राहिले. मग तिला बटण बंद करायला सांगितलं. चाक मंदावत गेलं आणि मध्येच एका क्षणी सगळं टेबल थडथडलं. वाटीतलं पाणी उडून बाहेर सांडलं, शेजारचा 17 नंबरचा पाना सरकत पार कडेला आला. पुढच्या दोन-तीन सेकंदांत सगळं शांत.

“मामा, चालू होतं तेव्हा बरं होतं. बंद केल्यावर का हललं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. याच प्रश्नात ग्राइंडरची घोडी, म्हणजे स्टँड, कशी असावी याचं निम्मं उत्तर आहे.

माझ्या भाचीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि कराड तालुक्यातल्या आमच्या गावी रस्त्याकडेला दुकान टाकलं. शेतीपंपाच्या मोटरी, कडबाकुट्टीची पाती, ऊसतोडीचे कोयते, खुरपी, असलं काम तिच्याकडे येतं. तिनं चांगला 8 इंची ग्राइंडर घेतला आणि तो जुन्या पत्र्याच्या ऑफिस-टेबलावर मांडला. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानंही हेच केलं असतं. यंत्र घेताना आपण चार दुकानं फिरतो, मोटर किती एच.पी.ची, वॉरंटी किती, सगळं विचारतो. ते ज्यावर उभं राहणार त्याचा विचार मात्र यंत्र घरी आल्यावर सुरू होतो, आणि जे रिकामं सापडेल त्यावर ते चढतं.

मी भोसरीच्या एमआयडीसीत 31 वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. नोकरीच्या सुरुवातीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम केलं. तिथं ग्राइंडर स्लॉटेड अँगलच्या रॅकवर बसवलेला होता, सामान ठेवायचा असतो त्या रॅकवर. मी एक बारीक पट्टी चाकासमोरच्या टेक्यावर धरून घासत होतो. रॅक डुलला, पट्टी टेका आणि चाक यांच्या फटीत ओढली गेली आणि चाक तडकलं. वर गार्ड होता म्हणून तुकडे भिंतीकडे गेले. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्या दिवशी गेलं, ते पुन्हा सरळ आलं नाही. तेव्हापासून कुठल्याही यंत्राकडे गेलो की आधी मी त्याच्या पायाकडे बघतो.

हलतं कशानं?

आपल्याकडच्या साध्या बेंच ग्राइंडरची मोटर मिनिटाला सुमारे 2850 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 47 ते 48. 8 इंची चाकाची कड तेव्हा सेकंदाला 30 मीटर वेगानं जात असते. गाडीच्या भाषेत सांगायचं तर ताशी 107 किलोमीटर. त्या चाकाची एक बाजू वापरून थोडी जास्त झिजली आणि कडेला 10 ग्रॅमचा फरक पडला असं समजा. 10 ग्रॅम म्हणजे दोन चमचे साखर. या वेगाला तेवढ्या फरकाचा धक्का साधारण 9 किलो वजनाएवढा होतो, आणि तो सेकंदाला 47 वेळा दिशा बदलत बसतो.

म्हणून पहिलं काम चाकाचं. चाक ड्रेसरनं गोल करून घ्यायचं. मोटर बंद ठेवून हातानं फिरवून ते लंगडतंय का बघायचं. नवं चाक बसवण्याआधी बोटात अडकवून लाकडाच्या मुठीनं हलकं वाजवायचं. चांगलं चाक खणखणीत आवाज देतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलेलं चाक बसवायचं नाही, मग ते कितीही नवं असो. हे केल्यानंतरही जो थोडा धक्का उरतो तो पोटात घालायचं काम घोडीचं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. झोपाळ्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत बोटानं ढकललं तरी झोका चढत जातो, भलत्या लयीत जोरानं ढकललं तरी अडखळतो. प्रत्येक टेबलाची, प्रत्येक घोडीची अशी लय असते. चाक थांबायला निघतं तेव्हा सेकंदाला 47 वरून 40, 30, 20 असं उतरत येतं. वाटेत कुठंतरी त्याची लय आणि टेबलाची लय जुळते, आणि त्या क्षणी प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यावर चढतो. सुरू होतानाही हा क्षण येतोच, पण मोटर तो झटकन ओलांडते. बंद झाल्यावर चाक रेंगाळत उतरतं, त्यामुळे टेबलाला थरथरायला वेळ मिळतो. टेबल जितकं लवचिक आणि हलकं, तितकं पाणी जास्त सांडतं.

घोडीनं तीन गोष्टी द्यायच्या

वर्कशॉपात स्टँडला आम्ही घोडीच म्हणतो. तिच्याकडून तीन गोष्टी हव्यात: वजन, ताठपणा आणि बरोबर उंची.

वजन असलं की तोच धक्का यंत्राला कमी हलवतो. जुन्या लेथचे पाय बिडाचे का असायचे याचं एक कारण हे. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात आणि ते थरथर जिरवतात. पोलादाची सळई ठोकली की घंटेसारखी वाजत राहते, बिडाचा तुकडा ठोकला की एकदा ठक करून गप्प होतो.

ताठपणा म्हणजे ढकलल्यावर न डुलणं. इथं लोक लोखंड जाड घेतात आणि आकार विसरतात. चार पट्ट्यांचा चौकोन कितीही जाड केला तरी सांध्यात तिरका होतो. त्यात एक तिरकी पट्टी टाकली की दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला तिरकं व्हायला जागाच नसते. शेतातल्या मांडवाला, घराच्या कैचीला हेच असतं. दुसरी गोष्ट लांबीची. तेवढ्याच जोरात दुप्पट लांबीचा पाय आठपट वाकतो. म्हणून उंच आणि बारीक पायांची घोडी दुकानात देखणी दिसते आणि कामाला लागली की थरथरते.

तिसरी गोष्ट उंची. व्हाइसच्या जबड्याची वरची कड उभं राहिल्यावर कोपराच्या पातळीला यावी, हे आयटीआयमध्ये फिटरच्या पोराला पहिल्याच काही दिवसांत शिकवतात. ग्राइंडरचा टेका कोपराच्या किंचित खाली असावा. टेका त्याहून उंच असला तर खांदे उचलावे लागतात आणि हाताचा ताबा जातो. खूप खाली असला तर माणूस वाकतो आणि तोंड ठिणग्यांच्या जवळ येतं.

काय निवडायचं?

दुकानात मिळणारी पत्र्याची जोडायची घोडी वाईटच असते असं नाही. घेताना चार गोष्टी तपासा. पायांचे तळवे वरच्या पाटीपेक्षा बाहेर पसरलेले आहेत का? प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट आहेत का? हे फार महत्त्वाचं आहे, कारण एका बोल्टाचा सांधा म्हणजे बिजागरी. तळव्यांना जमिनीत आवळायला भोकं आहेत का? आणि शेवटी, दुकानातच जोडलेला नमुना मागा, वरच्या पाटीवर तळहात ठेवून कोपऱ्याच्या दिशेनं तिरका जोर लावा. हाताला पीळ जाणवला तर ती घोडी 6 इंची हलक्या ग्राइंडरपुरती ठीक, 8 इंचीला नको.

गॅरेजवाले ट्रकच्या जुन्या रिमवर 4 इंची पाईप उभा वेल्ड करतात आणि वर प्लेट ठोकतात. जागा कमी असेल तर हा चांगला उपाय आहे. रिम खाली वजन देते, पाईपभोवती पाय ठेवायला मोकळं राहतं. पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून भरून तोंड बंद केलं तर वाळूचे कण एकमेकांवर घासून थरथर खातात.

शिलाई मशीनचा पायाचा बिडाचा स्टँड बऱ्याच घरांत पडून असतो. बीड चांगलं, पण तो शिवणाऱ्याच्या मांडीच्या उंचीचा, आणि त्याचे बाजूचे दोन पाय मधल्या जोडाच्या दोन-चार बोल्टांवर उभे असतात. छोट्या ग्राइंडरला तो बसून वापरायला चालतो, तेही मागं तिरकी पट्टी टाकूनच.

लाकडी घोडीही उत्तम होते. बाभळीचे किंवा जुन्या घराच्या वाशांचे जाड पाय आणि वर दोन इंची फळी घेतली तर लाकूड थरथर छान जिरवतं. फक्त ग्राइंडरच्या ठिणग्या आणि लाकडाचा भुसा एका जागी येता कामा नये. रंधा मारायचं टेबल वेगळं, ग्राइंडरची घोडी वेगळी.

भाचीच्या दुकानात वेल्डर रोजचा येणारा-जाणारा, आणि जागा भाड्याची, म्हणजे उद्या हलवायची वेळ येऊ शकते. म्हणून आम्ही ठरवलं की दोन्ही बाजूच्या चौकटी वेल्ड करून घ्यायच्या आणि त्या एकमेकींना बोल्टानं जोडायच्या.

मापं आणि लोखंड

भाचीला कामाचे बूट घालून ताठ उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरली. 98 सेंटिमीटर. टेका त्याखाली 3 सेंटिमीटर ठेवायचा. तिच्या ग्राइंडरच्या तळापासून टेक्यापर्यंत 15 सेंटिमीटर भरले. राहिले 80. म्हणजे घोडीची वरची पाटी जमिनीपासून 800 मिलिमीटरवर यायला हवी. माझ्या उंचीला ती बुटकी पडते. पण रोज उभं राहायचं ते तिला, म्हणून माप तिचंच धरलं.

लोखंड घेतलं ते 50 बाय 50 बाय 6 मिलिमीटरचं अँगल. मीटरला साडेचार किलो भरतं. चौकोनी बॉक्स पाईप पिळाला अँगलपेक्षा कमी दाद देतो, हे खरं. पण अँगलला दोन्ही बाजूंनी पाना लागतो, आतून गंज धरला तर दिसतो, आणि नंतर काही बसवायचं झालं तर कुठंही भोक पाडता येतं. सगळं मिळून साडेसहा मीटर अँगल लागलं, म्हणजे 29 किलो. वरची पाटी 400 बाय 300, 10 मिलिमीटर जाड, तिचे साडेनऊ किलो. मागच्या बाजूच्या तिरक्या पट्ट्यांच्या फुलीसाठी 40 बाय 5 ची पट्टी आणि पायाखाली 100 मिलिमीटरच्या 10 मिलिमीटर जाड चार चकत्या. सगळं धरून 44 किलोच्या आसपास.

वरचं माप 400 बाय 300 निवडण्यामागं एक सोय आहे. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाचचा काटकोन वापरतो, तोच इथं लागू होतो. 300 आणि 400 च्या चौकटीचा कर्ण बरोबर 500 भरतो. गुण्या नसला तरी टेप सांगते की चौकट काटकोनात आहे की नाही.

बाजूच्या चौकटीला वर रुंदी 300 आणि खाली 500 ठेवली. म्हणजे प्रत्येक पाय पुढं किंवा मागं 100 मिलिमीटर पसरतो, साधारण 7 अंश. पसरण पुढं-मागंच का? ग्राइंडरवर काम करताना माणूस जोर लावतो तो पुढच्या दिशेनं. आणि पसरण एकाच दिशेला ठेवली की कापाचा कोनही एकच राहतो, दुकानातल्या कटरवर सहज जमतो. पायाची तिरकी लांबी 786 निघाली. आम्ही 790 कापले आणि घासून मापात आणले.

जोडणीचा दिवस

वेल्डरनं पहिली चौकट जमिनीवर आडवी टाकली. आधी फक्त टाके. चारही कोपऱ्यांना एकेक टाका मारून माप घेतलं, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं भरले. एकाच कोपऱ्यात सलग वेल्डिंग केलं तर तापलेलं लोखंड थंड होताना आपल्याकडे ओढतं आणि चौकट वाकते. कोपऱ्यात 6 मिलिमीटर पत्र्याचे त्रिकोणी तुकडे बसवले.

दुसरी चौकट करताना एक गोष्ट मी भाचीला मुद्दाम दाखवली. अँगलला तोंड असतं. दोन्ही चौकटी तंतोतंत सारख्या केल्या तर दोन डाव्या तयार होतात, उजवी होतच नाही. म्हणून दुसरी चौकट पहिलीच्या पाठीला पाठ लावून आखायची. खडूनं एकीवर ‘डा’ आणि दुसरीवर ‘उ’ लिहायचं. हे लिहिलं नाही म्हणून आख्खी चौकट कापून पुन्हा वेल्ड करताना मी चांगले कसलेले फॅब्रिकेटर पाहिलेत.

मग आडव्या पट्ट्या. वर दोन, खाली दोन, प्रत्येकी 400 मिलिमीटर. प्रत्येक टोकाला दोन बोल्ट, तेही एका रेषेत न घेता तिरपे, म्हणजे चार पट्ट्यांना 16 बोल्ट. पाटीचे चार. मागच्या फुलीचे टोकांना चार आणि मध्यावर एक. एकूण 25. सगळे 10 मिलिमीटरचे बोल्ट, त्यांना भोकं 11 ची. भोक फार सैल घेतलं तर सांधा सरकतो.

आणि सरकणं हाच बोल्टाचा खरा शत्रू आहे. गेरहार्ड जुंकर या जर्मन इंजिनिअरनं 1969 साली दाखवून दिलं की नट ढिला होतो तो प्रामुख्यानं सांधा आडवा सरकल्यानं. बोल्ट पुरेसा आवळलेला असेल आणि दोन पट्ट्या एकमेकींवर सरकतच नसतील, तर नट जागचा हलत नाही. म्हणून अँगलवरचा रंग, गंज, वेल्डिंगचे मणी सांध्याच्या जागी कानसून साफ केले. लोखंडाला लोखंड बसलं पाहिजे. मधे रंगाचा थर राहिला तर तो दबतो आणि बोल्ट आपोआप सैल पडतो. नट आम्ही आत नायलॉनची कडी असलेले वापरले.

जोडताना पहिला नियम: सगळे बोल्ट आधी हातानंच. एकही पान्यानं आवळायचा नाही. पंचविसातले पंचवीस बोल्ट भोकांत गेल्यावर घोडी सपाट जागेवर उभी केली आणि वरच्या चौकटीचे कर्ण मोजले. एक भरला 503, दुसरा 497. चौकट थोडी तिरकी होती. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना क्लॅम्प लावून हळूहळू दाबला, दोन्हीकडे 500 आले. खालच्या पायांचे कर्णही मोजले, ते दोन्ही सारखे हवेत. मग पाना घेतला. मोटरगाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं समोरासमोर, आधी अर्धा जोर सगळ्यांना, मग पूर्ण जोर सगळ्यांना. पहिलाच बोल्ट कचकचून आवळला असता तर घोडी तिरकी ती तिरकीच राहिली असती, आणि शेवटची भोकं जुळवायला कानस घ्यावी लागली असती.

आता जमीन. दुकानात शहाबादी फरशी आहे, खाली मुरूम. काँक्रीटची जमीन असती तर अँकर बोल्ट ठोकून चारही पाय आवळले असते आणि विषय संपला असता. शहाबादीत अँकर ठोकला तर फरशी फुटते आणि पकडही मिळत नाही. म्हणून आम्ही वजन वाढवलं. ओसरीचं काम झालं तेव्हा उरलेले 40 मिलिमीटर जाडीचे फरशीचे तुकडे परसात पडले होते. त्यातले तीन 380 बाय 430 चे कापून घेतले, एकेक साधारण 17 किलोचा. खालच्या आडव्या पट्ट्यांवर एकावर एक ठेवले, मधे जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे, नाहीतर दगडावर दगड खडखडतो. 50 किलो वजन पायाशी आलं, तेही ठिणगी पडली तरी न पेटणारं. 44 किलोची घोडी, 50 किलोचा दगड, 20 किलोचा ग्राइंडर. आता ढकलून बघितलं तर हात मागं येतो.

चार पाय असले की फरशीवर एक हमखास अधांतरी राहतो. प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून बघितली. तिसऱ्या पायाखाली कागद मोकळा जात होता. तिथं गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तुकडा कापून सारला, कागद अडकेपर्यंत. पायाखाली मऊ रबर घालू नका. लोकांना वाटतं त्यानं थरथर कमी होईल, पण मऊ रबरावर उंच घोडी डुलायला लागते. रबर हवंच असेल तर ते ग्राइंडर आणि पाटी यांच्यामध्ये, कडक आणि 3 ते 5 मिलिमीटर जाडीचं पुरे.

ग्राइंडर पाटीवर पुढच्या कडेला सरकवून बसवला. कोयत्याची मूठ खाली लोंबते, ती पाटीला अडता कामा नये. टेका आणि चाक यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही, आणि चाक झिजेल तसा टेका पुढं घ्यायचा. माझ्या अंगठ्याचं नख गेलं ते याच फटीनं. वायर मागच्या पायाला बांधून घेतली आणि अर्थिंग तपासलं. रंग सगळ्यात शेवटी, रेड ऑक्साईड आणि वर ऑइल पेंट.

ड्रिलची घोडी वेगळी

भाचीला आता बेंच ड्रिल घ्यायचं आहे. ते ग्राइंडरशेजारी याच घोडीवर बसवू का, असं तिनं विचारलं. नको. ग्राइंडरची बारीक धूळ ड्रिलच्या खांबावर आणि स्पिंडलमध्ये जाते आणि त्यानं होणारी झीज भरून येत नाही. ड्रिलचा स्वभावही निराळा. त्याची थरथर कमी, पण सगळं वजन डोक्यात. मोटर वर, पुली वर. आणि ड्रिल पत्र्यातून पलीकडे निघतं त्या क्षणी जॉबला, म्हणजे भोक पाडायच्या तुकड्याला, पकडून फिरवायला बघतं. जॉब व्हाइसमध्ये, व्हाइस टेबलाला आणि ड्रिल घोडीला बोल्टानं आवळलेलं नसेल तर त्या झटक्यानं काहीही होऊ शकतं. ड्रिलच्या घोडीचे पाय चारही दिशांना पसरवा आणि उंची अशी ठेवा की मान न वाकवता ड्रिलचं टोक जॉबवरच्या पंचाच्या खुणेवर बसताना दिसेल.

वाटी पुन्हा ठेवली

रंग वाळल्यावर तीच वाटी, तेवढंच पाणी पाटीवर ठेवलं. सुरू केलं, पाण्यावर बारीक जाळी आली. बंद केलं. चाक उतरत आलं, त्या एका क्षणी पाणी थोडं शहारलं आणि पुन्हा निवळलं. थेंबही बाहेर आला नाही. भाचीनं त्याच दिवशी कडबाकुट्टीची दोन पाती लावली. धार आखल्यासारखी सरळ आली, कारण हाताखालचा टेका जागचा हलत नव्हता.

मग प्रत्येक नटावरून बोल्टावर आणि खाली अँगलवर पिवळ्या ऑइल पेंटची एकेक रेघ ओढून दिली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावता नजरेनं कळतं. पहिल्या दिवसाच्या कामानंतर एकदा आणि आठवड्यानं एकदा पाना लावायचा, पुढं महिन्यातून एकदा रेघा बघायच्या, असं तिला सांगून आलो.

दर वर्षी खंडेनवमीला आपण हत्यारं धुतो, यंत्राला झेंडूचा हार घालतो, कुंकू लावतो. माझी वाचकांना एवढीच विनंती आहे की तिथपर्यंत थांबू नका. घरी, शेतावर, दुकानात ग्राइंडर असेल तर आजच एक वाटी पाणी त्याच्याशेजारी ठेवा, बटण दाबा आणि बंद करा. पाणी सांडलं तर ते यंत्र आहे त्या जागी पुन्हा चालवू नका. आधी त्याच्या खालच्या घोडीला एक दिवस द्या.